सील साबूत, माल गायब

१

मोनालीचे स्फटिक नाहीसे झाले त्या दिवशी मी तूप कढवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे या प्रकरणात त्या तुपालाही साक्ष द्यावी लागली, आणि त्याचं श्रेय माझ्या नणंदबाईंनी मला आजवर दिलेलं नाही.

नणंद म्हणजे सिंधुताई. दुर्गच्या रेल्वे ऑफिसात त्या क्लेम इन्स्पेक्टर होत्या. मालगाडीतून डाळीची पोती नाहीशी झाली, पंख्यांची खोकी कमी निघाली, की बाईंना पाठवायचे. निवृत्त झाल्यावर भिलाईला रिसालीत आमच्याकडे राहायला आल्या आणि आमच्याच घरातला हरवलेला माल शोधू लागल्या. डब्यातले काजू कोण खातं ते त्यांनी आठवड्यात शोधून काढलं. मीच खात होते.

तर तूप गाळून बरणीत ओतत होते, तोच समोरच्या भैयालालभाऊंची मोनाली आत आली. डोळे सुजलेले.

"मावशी, मले एक तक्रार लिहून द्या," ती सिंधुताईंना म्हणाली. "कडक पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची आहे."

"कोणाच्या विरुद्ध?"

"लॅबमधल्या ऐश्वर्याच्या. तिनं माझे क्रिस्टल चोरले."

मोनाली हायवेच्या पलीकडे, नेहरू नगरजवळच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. तिचं काम मला समजलं तसं सांगते. आपल्याकडची लाखोरी, जिला इथले लोक तिवरा म्हणतात, तिच्या दाण्यातून ती एक प्रोटीन वेगळं काढते. दाणा पेरणीपर्यंत जीव धरून कसा राहतो, ते त्या प्रोटीनच्या आकारावरून कळेल असं तिचं म्हणणं. पण आकार डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी त्याचे स्फटिक करावे लागतात, खडीसाखरेच्या खड्यासारखे, फक्त रव्याच्या कणाहून लहान. मग त्यांच्यातून क्ष-किरण सोडायचे, आणि ते किरण कसे फाकतात त्यावरून आकार ओळखायचा. ते मोठं यंत्र इंदूरला. त्यावर मोनालीचा नंबर पुढच्या आठवड्यात होता. तीन वर्षं खपून पोरीनं ते स्फटिक उगवले होते.

"परवा संध्याकाळी मी फोटो काढले," ती म्हणाली. "मस्त होते, मावशी. काल विश्वकर्मा पूजा होती, कोणी काम केलं नाही. आज पाहतो तं एक पण नाही. अन् त्याच मशीनीतले ऐश्वर्याचे जसेच्या तसे. इंदूरले तिले जायचं होतं, आमच्या मॅडमनं मले पाठवायचं ठरवलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलून नाही राहिली. अन् काल सगळ्यात शेवटी लॅब तिनंच बंद केली. आता सांगा."

सिंधुताईंनी चष्मा पुसला. "लिहून देतो ना. पण माल कुठी गेला ते पाहिल्याशिवाय मी आजपर्यंत क्लेम लिहिला नाही. आधी डबा दाखव."

"कोणता डबा?"

"ज्याच्यातून माल गेला तो," सिंधुताई म्हणाल्या, आणि मला हाक मारली, "वंदना, चप्पल घाल."

मी बरणी ओट्यावर शेगडीपासून दूर खिडकीत ठेवली आणि निघाले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण नाही तरी विचारतं कोण.

२

प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. आधल्या दिवशीच्या पूजेच्या खुणा अजून तशाच. भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे पोरासोरांसकट घरच्यांनी येऊन यंत्रं पाहायची आणि बुंदीचे लाडू खायचे. स्टील प्लांटमध्ये तसं म्हणून इथेही तसंच. प्रत्येक यंत्राच्या कपाळावर शेंदराचं एक बोट आणि गळ्यात झेंडूचा हार.

मोनालीनं कोपऱ्यातलं एक पांढरं कपाट दाखवलं. घरच्या फ्रिजएवढं.

"याच्यात ट्रे राहते. आत नेहमी अठरा डिग्री. बाहेर कितीही गरम होऊ द्या." तिनं हार बाजूला केला. खाली हिरव्या आकड्यांत अठरा लिहिलेलं होतं. "आज सकाळी मी हार उचलून पाहिला, तेव्हा पण अठराच होतं. म्हणजे मशीनचा काही दोष नाही."

तिनं ट्रे बाहेर काढून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली ठेवला. प्लास्टिकचा ट्रे, त्यात वाट्या. प्रत्येक वाटीत तळाशी द्राव आणि वर झाकण म्हणून काचेची चकती. त्या चकतीच्या पोटाला प्रोटीनचा एक थेंब उलटा लटकलेला. थेंबातलं पाणी हळूहळू खालच्या द्रावाकडे जातं, थेंब दाट होतो आणि स्फटिक धरतात. काच वाटीवर घट्ट बसावी म्हणून काठाला पांढरं ग्रीस.

"पाहा, थेंब आहे. आत काही नाही," मोनाली म्हणाली.

सिंधुताईंनी दुर्बिणीतून थेंब पाहिलाच नाही. त्या काठाचं ग्रीस पाहत बसल्या. एकेक वाटी, सावकाश.

"मोनाली, ही काच तू कशी लावते?"

"ठेवतो, दाबतो, अन् थोडीशी फिरवतो. डाव्या बाजूले."

"ऐश्वर्या?"

"ती फिरवत नाही. नुसती दाबते."

"अन् काच उचलून परत ठेवली तर?"

"तं ग्रीस फाटते. नवीन लावावं लागते." मोनाली बोलता बोलता वाकली आणि स्वतः पाहू लागली. एक वाटी, दुसरी, तिसरी. प्रत्येक काचेभोवती ग्रीसची गोल रेघ अखंड होती आणि प्रत्येक रेघेला डावीकडे तोच बारीक पीळ.

"हे माझंच आहे," ती हळू म्हणाली. "कोणी हात नाही लावला."

"म्हणजे सील साबूत अन् माल गायब," सिंधुताई म्हणाल्या. नोकरीतलं सुख त्यांच्या चेहऱ्यावर परत आलं.

तेवढ्यात मला कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर पिवळट चिकट डाग दिसले. एकाचा ओघळ खाली आलेला. मी सवयीनं पदर पुढे केला, तर ताईंनी माझा हात धरला.

"पुसू नको. शेंदूर तर समोर आहे. हे काय?"

मी बोट लावून वास घेतला. "तूप. अन् हळद."

बाकी कुठल्याही यंत्राच्या कोपऱ्याला तूप नव्हतं. फक्त याच एका.

३

मोनालीच्या गाइड डॉ. रेणू साहू फार कमी बोलणाऱ्या बाई. बोलल्या हिंदीत, मी आपल्या भाषेत सांगते.

"ग्रीसवरून काही सिद्ध होत नाही. हुशार मुलगी तसाच पीळ देऊ शकते," त्या म्हणाल्या. "ऐश्वर्यानं चोरी केली असं मी म्हणत नाही. पण उद्या संध्याकाळी तक्रार आली तर मला ती वर पाठवावी लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत तिला या दारातून आत येता येणार नाही. तिची पण सातवी सेमिस्टर आहे. तिचं सगळं आत आहे."

"अन् मन काय म्हणते तुमचं?" ताईंनी विचारलं.

"मन म्हणतं, दोघी माझ्याच आहेत." मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मला त्या बाईची दया आली.

ऐश्वर्या मागच्या जिन्यावर बसली होती. जवळच्या मरोद्याची मुलगी, बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीत.

"मैंने नहीं लिया, आंटी," तिनं आधीच सांगून टाकलं. "नाराज थी, हाँ. इंदौर मुझे जाना था. पर तीन साल से हम एक ही टिफिन से खा रहे हैं."

"काल शेवटी तूच होती?"

"जी. सब चले गए, तो मैं थोड़ी देर वहीं बैठी रही. इतनी शांति थी कल. रोज़ तो कान में घूँ-घूँ चलता रहता है. कल लगा, पूजा का दिन है, मन शांत है, इसलिए." तिनं डोळे पुसले. "मोनाली से बात करने का सोचा था. आज सुबह यह हो गया."

"अन् तुझे क्रिस्टल कसे वाचले?"

"मेरे कुल्थी वाले तो ढीठ हैं. मई में बिजली गई थी, तब भी उनको कुछ नहीं हुआ. उसके वाले नाज़ुक हैं, शुरू से."

लॅबचे अटेंडंट पुंडलिक मात्र मराठी, आणि आमच्यासारखेच नागपूरकडचे रेल्वेवाले. सिंधुताईंना पाहून ते खुलले. दोघांनी आधी दुर्गच्या जुन्या क्वार्टरांची विचारपूस केली, मग कामाचं निघालं.

"शेंदूर मी लावला, बाई. एक मशीन, एक बोट. हार पण मीच घातले."

"अन् तूप-हळद?"

"ते मी कावून लावू? बाप गँगमन होता माझा. आमी पटरीले नारळ फोडलेला पाहिला, तूप लावलेलं नाही पाहिलं बाप्पा."

"काल पूजा झाल्यापासून आज मोनाली येईपर्यंत बाहेरचा कोणी आत आला?"

"बाहेरचा? कोणीच नाही," पुंडलिक ठामपणे म्हणाले. "शपथ घेतो पाहिजे तं."

आम्ही जिना उतरलो तेव्हा ऐश्वर्या एका पिशवीत आपले कागद, पांढरा कोट आणि पाण्याची बाटली भरत होती. मोनाली दोन पायऱ्या वर उभी राहून पाहत होती. कोणी कोणाला थांबवलं नाही.

"आंटी, कल से मैं नहीं आऊँगी," ऐश्वर्या म्हणाली. "निकाले जाने से अच्छा है, खुद चली जाऊँ."

"अन् मग लोक म्हणतील, चोर होती म्हणून गेली," सिंधुताई म्हणाल्या. "उद्या ये. मी सांगून राहिली ना, ये."

हे वचन त्यांनी कशाच्या भरवशावर दिलं ते मला कळेना. रिक्षात विचारलं तर म्हणाल्या, "भरवसा नाही. पण पोरगी जाऊन राहिली होती."

४

घरी आल्यावर मी पोळ्या लाटायला घेतल्या. ताई पाटावर बसून बोटं मोडत होत्या.

"डब्याचं सील साबूत असलं अन् माल नसला, तर दोनच गोष्टी असतात. एक, माल भरलाच नव्हता. पण फोटो आहेत. मग दुसरी."

"ती कोणती?"

"माल डब्यातच आहे. कोण्या कोपऱ्यात आहे, पोत्याच्या खाली आहे, पण आहे. गोंदियाले एकदा साखरेचं पोतं रिकामं निघालं. छत गळत होतं. साखर पाणी होऊन फळ्यायमधी मुरली होती."

मी पोळीला लावायला तुपाची बरणी घेतली. तशी माझी चिडचिड झाली. सकाळी खिडकीत ठेवलेली बरणी आमच्या सायबांनी चहा करताना उचलून शेगडीला खेटून ठेवली होती. सकाळपासून इतका छान रवा धरला असणार, सगळा गेला.

"पाहा तुमचा भाऊ," मी म्हटलं. "तुपाचे रवे घालवले."

ताईंनी बरणी हातात घेतली. उजेडासमोर धरली. तूप नितळ, पिवळं, पाण्यासारखं.

"कुठी गेले?"

"काय?"

"रवे. कुठी गेले?"

"कुठी जातील? तुपातच आहेत. ठेवा थंड जागी, रात्रीतून परत येतात," मी म्हटलं. आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

ताईंनी मोनालीला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"तुझे क्रिस्टल गरमीनं विरघळतात का?"

"हो, मावशी. लाखोरीवाले विरघळतात. पण मशीन तर अठरावरच होती."

"तू पाहिली तेव्हा होती. रात्री कोणी पाहिली? आकड्यावर हार होता."

मग मोनाली म्हणाली, "बंद असती तं ऐश्वर्याले जाताना कळलं असतं. आवाज करते ती मशीन."

"कळलं होतं तिले," ताई म्हणाल्या. "तिले वाटलं, मन शांत आहे." आणि फोन ठेवला.

आता उरलं एकच. पूजेच्या दिवशी कोणीतरी ते कपाट बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी मोनाली यायच्या आत चालू केलं. बिघाड करायचा असता तर परत चालू कशाला करायचं? बंदही नीट, चालूही नीट. जसं काही वेळापत्रक होतं.

"अन् तूप-हळद," ताई म्हणाल्या. "हे कोण्या पूजेत असते, मले नाही समजत. मशीनच्या कोपऱ्याले कोण लावते?"

"कोपरा नाही तो," मी म्हटलं.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी साकोलीकडची, शेतकऱ्याची लेक. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, म्हणून तूप आणि हळद चोळायची, दोन्ही बाजूंनी. मग बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आणि पोळ्याच्या दिवशी काहीही झालं तरी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. माझे वडील तर गाडीच्या दांडीलाही हात लावू देत नसत.

"ते त्या मशीनीचे खांदे आहेत, ताई," मी म्हटलं. "कोणीतरी तिची खांद शेकली. अन् मग तिले सुट्टी दिली."

सिंधुताई आयुष्यभर रेल्वे क्वार्टरात राहिलेल्या. त्यांनी बैल पाहिला तो मालगाडीच्या डब्यात. मी त्यांच्याआधी काही ओळखलं, ही माझ्या संसारातली पहिलीच वेळ होती, आणि मला त्याचा आनंद घ्यायला त्यांनी वेळ दिला नाही. लगेच पुंडलिकांना फोन.

"पुंडलिक, दुपारी मी चुकीचं विचारलं. बाहेरचा कोणी आला का, असं विचारलं. आता सांगा, आज सकाळी मोनालीच्या आधी घरचा कोणी आला होता?"

"घरचा म्हणाल तं," पुंडलिक म्हणाले, "भैयालालभाऊ आले होते ना. मोनालीचा डबा ठेवाले. नेहमीच येतात. मीच दार उघडून दिलं."

५

समोरच्या घरात दिवा होता. भैयालालभाऊ ओसरीत बसून मोनालीची सायकल उलटी करून तेल देत होते. प्लांटच्या मशीन शॉपमध्ये लेथवर जन्म काढला. निवृत्त झाले तरी हाताला वंगण लागल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मोनाली आत होती, दार लोटलेलं.

"या वंदनाबाई. ताई, बसा." त्यांनी हात फडक्याला पुसले. "पोरीचं तुमी करून राहिले, लय बरं केलं. चोर सापडला का?"

ताई बसल्या. रेल्वेत त्यांनी मोठमोठ्या ठेकेदारांना उलटसुलट विचारलं असेल, पण इथे माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मीच विचारलं.

"भाऊ, मोनालीच्या मशीनीची खांद तुमी शेकली का?"

भैयालालभाऊ एकदम लाजले. लहान पोराला शाबासकी मिळावी तसे.

"दिसलं का? हो ना, शेकली. आता शेत नाही, बैल नाही. तिच्या आईनं घरून तूप-हळद वाटीत आणली होती. म्हटलं, तीन वर्षांपासून ते बिचारं पोरीसाठी रात्रंदिवस राबून राहिलं, आता तिले इंदूरले पाठवते. त्याचा पण मान केला पाहिजे. लोकं लाडू खाऊन राहिले होते, मी हळूच लावली."

"अन् मग?"

"मग काय, मागून बटन बंद केलं. पूजेच्या दिवशी आमच्या शॉपमधी एक लेथ फिरत नव्हता. जनरल मॅनेजर आला तरी नाही. दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा अन् सुरू करायची. आज डबा ठेवाले गेलो तेव्हा नारळ फोडला बाहेर अन् केली सुरू. मस्त सुरू झाली, काही खडखड नाही." ते थांबले. आमचे चेहरे त्यांनी पाहिले असावेत. "कावून? काय झालं?"

शेवटी ताईंनी अगदी साध्या शब्दांत सांगितलं. ते कपाट लेथसारखं नाही. त्याचं कामच थंड राहणं आहे. ते एक रात्र थांबलं, आतलं सगळं गरम झालं आणि पोरीचे स्फटिक विरघळले.

भैयालालभाऊंनी हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. मग पुन्हा उलगडलं.

"म्हणजे कोणी चोरले नाही," ते म्हणाले.

"नाही."

"अन् त्या मरोद्याच्या पोरीवर आळ आला."

"हो."

"माझ्याच हातानं." ते उठून उभे राहिले. "मोनालीले सांगू नका. म्हणजे, मी सांगतो. मलेच सांगावं लागेल."

सांगायची गरज नव्हती. दार उघडं होतं आणि मोनाली चौकटीत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही बापावर ओरडेल, आणि ओरडली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मी तिले चोर म्हटलं, बाबा," ती म्हणाली. "सगळ्यायच्या समोर."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयालालभाऊ आमच्याही आधी प्रयोगशाळेत पोचले होते. प्लांटच्या निरोप समारंभात मिळालेला शर्ट घालून. डॉ. रेणू आल्या, पुंडलिक आले. ऐश्वर्या आली ती दारातच उभी राहिली, पिशवी तशीच खांद्याला.

"बेटी," भैयालालभाऊ तिला म्हणाले, "मशीन मैंने बंद किया था. मेरे को लगा उसको भी एक दिन का आराम होना. तेरा नाम मेरे कारण खराब हुआ." आणि त्या साठीच्या माणसानं तिच्यासमोर हात जोडले.

मोनाली पुढे झाली. तिनं पुष्कळ पाठ करून आणलं असावं, पण म्हणाली एवढंच, "बाबांनी बटन बंद केलं. मी तर तुले तीन वर्षांपासून ओळखत होती. माझी चूक मोठी आहे."

ऐश्वर्यानं लगेच माफ केलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पिशवीतून कोट काढला, घातला आणि कपाटाकडे गेली.

"पहले ट्रे देखते हैं," ती म्हणाली.

दोघींची मग कामाची भाषा सुरू झाली. माल थेंबातच आहे, हे आता दोघींनाही पटलं होतं. प्रश्न एवढाच, की परत कसा आणायचा. एकदम थंड केला तर बारीक चुरा होईल, असं ऐश्वर्याचं म्हणणं. कपाट आधी थोडं कोमट करू आणि मग रोज एकेक डिग्री उतरवू, म्हणजे थोडेच धरतील पण मोठे धरतील, असं मोनालीचं. मी तिथे उभी राहून माना डोलावत होते, कारण तुपाचंही अगदी असंच असतं. घाईनं फ्रिजमध्ये ठेवलं की गोळा, सावकाश निवू दिलं की रवा. पण मी बोलले नाही. दोन शिकलेल्या पोरींना तूप सांगायची ती वेळ नव्हती.

डॉ. रेणूंनी सिंधुताईंना बाजूला घेऊन विचारलं, "और अगर नहीं लौटे तो?"

"तर मोनालीचा इंदूरचा नंबर जाईल," ताई म्हणाल्या. "पण तक्रार नाही जाणार. ते काम झालं."

त्यानंतरचे दिवस आमच्या गल्लीत सुतक असल्यासारखे गेले. भैयालालभाऊ ओसरीत यायचे नाहीत. सायकल उलटीच पडून राहिली. मोनाली बापाशी बोलत होती, पण जेवण वाढण्यापुरतं. रागानं नाही, तिला शब्दच सापडत नव्हते. इंदूरची तारीख जवळ येत होती. मी रोज विचारायचे, ती मानेनं नाही म्हणायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी भैयालालभाऊंचा फोन वाजला. अनोळखी नंबर. ते घाबरून आमच्याकडेच आले आणि फोन ताईंच्या हातात दिला. पलीकडे ऐश्वर्या होती.

"काका को लेकर आइए," ती म्हणाली. "मोनाली को अभी बताया नहीं है. वो नीचे गई है. पहले काका देखेंगे."

आम्ही पोचलो तेव्हा दुर्बिणीजवळ स्टूल लावून ठेवलेलं होतं. भैयालालभाऊ दारातच थबकले. त्या खोलीतल्या कशालाच हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. ऐश्वर्यानं त्यांच्या दंडाला धरून आणलं आणि बसवलं. मागून जिन्यावर पावलं वाजली. मोनाली आत आली, आम्हाला पाहिलं आणि तिथेच थांबली.

भैयालालभाऊंनी भिंगाला डोळा लावला.

नंतर मीही पाहिलं, म्हणून सांगते. नितळ थेंब आणि त्यात तीन खडे. कोपरे धारदार, पैलू सरळ, आतून उजेड आल्यासारखे. मोनालीच्या फोटोतले मी पाहिले होते, त्याहून हे कितीतरी मोठे होते. गेलेला माल तर परत आला होताच, वर व्याज घेऊन आला होता.

"काका," ऐश्वर्या हळू म्हणाली, "आराम मिल गया उनको."

तिच्या आवाजात चेष्टा होती आणि चेष्टेत माफी होती, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. मोनालीनं तिचा हात धरला. ऐश्वर्यानं तो सोडवून घेतला नाही.

भैयालालभाऊ मात्र भिंगावरून डोळा काढीनात. वाकलेले, खांदे हलत होते. रडणाऱ्या माणसाला तोंड लपवायला जागा लागते, आणि त्यांना ती मिळाली होती. मोनाली मागून गेली आणि बापाच्या दोन्ही खांद्यांवर तिनं हात ठेवले, जिथे बैलाला तूप लावतात तिथे, आणि सावकाश चोळत राहिली.

इंदूरला दोघी गेल्या. डॉ. रेणूंनी मोनालीच्या वेळातला थोडा वेळ ऐश्वर्याच्या कुळथाला काढून दिला. दुर्ग स्टेशनवर आम्ही सोडायला गेलो होतो. गाडी सुटल्यावर सिंधुताई परतीच्या रिक्षात मला म्हणाल्या, "वंदना, त्या केसमधी एक गोष्ट मले पहिल्या दिवशीच समजाले पाहिजे होती."

मला वाटलं, आता तुपाचं श्रेय देतात. मी सावरून बसले.

"ते खांद शेकणं," त्या म्हणाल्या. "तुमच्या माहेरी इतकं सगळं करतात, मले कधी सांगितलं कावून नाही?"

पुढच्या पोळ्याला त्यांना साकोलीला न्यायचं मी कबूल करून बसले आहे.